कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून काढलेल्या पोराने पुढे सगळ्या जातींच्या पोरांसाठी एकच बोर्डिंग उघडलं

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहिलं की मधोमध शाहू महाराजांचा पुतळा दिसतो आणि आजूबाजूला बोर्डिंगच्या पाट्या. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. कोल्हापूरकरांना या पाट्यांची इतकी सवय झालीय की त्या वाचायला कुणी थांबत नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्यांचा उपयोग होतो, तेवढाच.

पण यातल्याच जैन बोर्डिंगमधून साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला बाहेर काढलं होतं. पोरगा अभ्यासात यथातथाच होता. गणित तर त्याच्या नशिबातच नव्हतं. तो मॅट्रिकपर्यंतही पोहोचला नाही. पण त्याला बोर्डिंगमधून काढण्याचं कारण मार्क नव्हते, कारण होतं आंघोळ.

त्या विद्यार्थ्याचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला आणि त्यांची मुलं अण्णा. रयत शिक्षण संस्थेचं नाव माहीत नाही असा माणूस पश्चिम महाराष्ट्रात सापडणं अवघड. पण ही संस्था उभी राहण्याआधी कोल्हापुरात नेमकं काय घडलं होतं आणि ती उभी करण्याची किंमत कुणी मोजली, ते सहसा सांगितलं जात नाही.

तर सुरुवात कुंभोजपासून करू.

कुंभोज ते राजाराम हायस्कूल

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. गाव कुंभोज, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं. हे त्यांचं आजोळ. घराणं मूळचं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जैन शेतकऱ्याचं. वडील महसूल खात्यात कारकून होते. कारकुनाची नोकरी म्हटली की बदल्या आल्या आणि बदल्या आल्या की पोराच्या शाळाही बदलणार. तसंच झालं. शाळा बदलत गेल्या आणि पोरगा पुस्तकात कमी, तालमीत आणि विहिरीत पोहण्यात जास्त रमत गेला.

त्या काळात गावोगावच्या शाळेत एक दृश्य ठरलेलं असायचं. अस्पृश्य मानलेल्या जातीची मुलं वर्गाच्या बाहेर, पायरीजवळ नाहीतर ओसरीवर बसायची. मास्तर आत शिकवायचे आणि या मुलांनी बाहेरून ऐकायचं. पाटी तपासायची तर लांबून. इस्लामपूरला भाऊरावांनी असाच एक मुलगा पाहिला, ज्ञानदेव घोलप. त्याला ते सरळ आपल्या घरी घेऊन आले आणि पुढे त्याच्या शिक्षणाची सोय कोल्हापुरात लावली. हेच घोलप नंतर मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. दाराबाहेर बसणाऱ्या मुलाला फक्त आत घेतलं तर काय होऊ शकतं, याचा हा पहिला पुरावा भाऊरावांना असा स्वतःच्या घरातच मिळाला.

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. शाळा राजाराम हायस्कूल, संस्थानातली सगळ्यात नावाजलेली. राहायला दिगंबर जैन बोर्डिंग. बोर्डिंगचे सुपरिटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते परत येणार आहे.

कोल्हापुरात इतकी बोर्डिंग कशी आली?

इथे जरा थांबून तेव्हाचं कोल्हापूर समजून घ्यायला हवं.

शाहू महाराजांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली होती. खेड्यातल्या शेतकऱ्याचं पोरगं हुशार असलं तरी चौथीनंतर त्याचं शिक्षण थांबायचं, कारण पुढची शाळा शहरात होती आणि शहरात राहायची, जेवायची सोय नव्हती. जातीबाहेरच्या मुलाला कुणी घरात ठेवून घेत नव्हतं. म्हणजे नुसती शाळा काढून भागणार नव्हतं. आधी छप्पर आणि ताट लागणार होतं.

म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग आलं. मग मुस्लिम, लिंगायत असं एकेका समाजाचं वसतिगृह उभं राहत गेलं. महाराज जागा आणि मदत द्यायचे, त्या त्या समाजातली मंडळी पुढे येऊन कारभार बघायची. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं.

प्रत्येक जातीला वेगळं बोर्डिंग का, असा प्रश्न आज पडतो आणि तो रास्तही आहे. पण तेव्हा एका पंगतीत जेवायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना एकत्र बसवायचा हट्ट धरला असता तर एकही पोरगं आलं नसतं, अशी परिस्थिती होती. आधी शिकू तर दे, पंगतीचं पुढे बघू, असा तो हिशेब होता.

एका आंघोळीवरून

मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. कार्यक्रम संपवून जैन बोर्डिंगवर परतले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की विटाळ झालाय, आंघोळ करूनच आत या.

भाऊरावांनी नकार दिला. आंघोळीला त्यांची ना नव्हती, रोज तालमीत घाम गाळणारा माणूस तो. पण या कारणासाठी अंगावर पाणी घेणार नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. बोर्डिंगचे नियम बोर्डिंगचे. लठ्ठ्यांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली.

शहरात राहायला जागा नाही म्हणजे शाळा संपली, हे कुणालाही कळत होतं. पण हा प्रकार शाहू महाराजांच्या कानावर गेला आणि त्यांनी भाऊरावांना आपल्याकडे ठेवून घेतलं. वाड्यातल्या वास्तव्यात भाऊरावांना महाराज जवळून बघता आले. दारात आलेल्या साध्या माणसाशी महाराज कसे बोलतात आणि सोवळ्याओवळ्याची पर्वा कशी करत नाहीत, हे शिक्षण राजाराम हायस्कूलच्या कुठल्याच वर्गात मिळणार नव्हतं.

वर्गातलं शिक्षण मात्र सहावीतच अडकलं. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. भाऊरावांना वरच्या वर्गात ढकलावं म्हणून महाराजांनी गणिताच्या मास्तरांकडे शब्द टाकला. त्यावर मास्तरांनी उत्तर दिलं की हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वर ढकलतो, पण या मुलाला ढकलणार नाही. छत्रपतींच्या शब्दालाही नाही म्हणणारे मास्तर त्या शाळेत होते. गंमत म्हणजे पुढे आयुष्यभर भाऊरावांनी असेच ताठ कण्याचे मास्तर शोधले.

डांबर प्रकरण

शाळा सुटली. भाऊराव साताऱ्यात आले आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. गणितात अडकलेला हा माणूस शिकवायला मात्र चांगला होता. पाटील मास्तर म्हणून त्यांचं नाव झालं. दरम्यान कुंभोजच्याच पाटील घराण्यातल्या आदाक्का यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सासरी त्यांचं नाव लक्ष्मीबाई. १९१० मध्ये मित्रांना बरोबर घेऊन भाऊरावांनी दुधगावला विद्यार्थी आश्रम काढण्यात पुढाकार घेतला. गावाने मूठमूठ धान्य द्यायचं आणि त्यावर मुलांचं जेवण चालवायचं, ही कल्पना तिथेच आकाराला आली.

आणि मग १९१४ मध्ये कोल्हापुरातल्या त्या घटनेने त्यांचं आयुष्य ढवळून काढलं.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या कोल्हापुरातल्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. ब्रिटिश साम्राज्याच्या छायेतलं संस्थान, त्यात महायुद्धाचं वर्ष. प्रकरण पेटायला वेळ लागला नाही. संशय वळवला गेला अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे. तोवर दरबारातल्या काही मंडळींशी त्यांचं बिनसलं होतं.

लठ्ठ्यांविरुद्ध साक्षीदार हवा होता. ज्याला त्यांनी कधीकाळी बोर्डिंगमधून काढलं होतं, त्या माणसाइतका सोयीचा साक्षीदार कोण असणार? भाऊरावांना पकडण्यात आलं. खोटी साक्ष दे आणि सुटून जा, असा दबाव आला. त्यांनी ऐकलं नाही. कोठडीत मारहाण झाली, छळ झाला. खोटं बोलायचं नाही आणि मारही सोसवत नाही, या कोंडीत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले, पण साक्ष काही दिली नाही. शेवटी त्यांना सोडावं लागलं.

ज्या माणसाने आपल्याला घराबाहेर काढलं त्याच्यासाठी भाऊरावांनी हे सोसलं. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही. शाहू महाराजांचं चरित्रही त्यांनी लिहिलं.

या प्रकरणात भाऊरावांना छळणारे पोलीस शाहू महाराजांच्याच संस्थानातले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. दुसरा कुणी असता तर त्याने कोल्हापूरचं नाव पुन्हा घेतलं नसतं.

नांगर विकणारा माणूस

सुटल्यावर पोटापाण्याचा प्रश्न होताच. भाऊरावांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. पुढे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्याबरोबर नांगराच्या कारखान्यात पडले.

लोखंडी नांगर विकणं हे तेव्हा सोपं काम नव्हतं. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, असं मानणारे शेतकरी होते. त्यांना बांधावर जाऊन पटवावं लागायचं. यासाठी भाऊराव गावागावांत हिंडले, शेतकऱ्यांच्या घरी जेवले, ओसरीवर झोपले. कर्जाचा कागद वाचता येत नाही म्हणून जमीन गेलेली माणसं त्यांना भेटली. सावकाराने लिहिलं त्याखाली अंगठा, अशी सगळी तऱ्हा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने अविद्येचं जे दुखणं दाखवून दिलं होतं, ते भाऊराव रोज उघड्या डोळ्यांनी पाहत होते. ते स्वतः सत्यशोधक चळवळीत ओढले गेले.

कूपरांशी त्यांचं पुढे फाटलं. कारखान्याच्या उत्पन्नातून शिक्षणासाठी पैसा उभा राहील हा विचार तिथेच संपला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. भाऊरावांच्या आयुष्यात अशी मोठी माणसं येत गेली आणि प्रत्येक वेळी पैशाची वाट त्यांना नव्याने शोधावी लागली.

रयत म्हणजे कोण?

४ ऑक्टोबर १९१९. दसऱ्याचा दिवस. कराडजवळच्या काले गावात सत्यशोधक परिषद भरली होती. तिथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

नाव बघा. रयत म्हणजे कसणारी, कष्टणारी साधी प्रजा. शिवकाळापासून मराठी कानाला ओळखीचा शब्द. एखाद्या जातीचं किंवा देणगीदाराचं नाव भाऊरावांनी संस्थेला दिलं नाही. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांचंच नाव दिलं.

१९२४ मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला आला आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. कोल्हापुरात शिकलेली गोष्ट भाऊरावांनी इथे घेतली आणि तिच्यात एक बदल केला. छप्पर आणि ताट आधी हवं, हे शाहू महाराजांचं. पण छप्पर एकच आणि पंगतही एकच, हे भाऊरावांचं.

मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर, ब्राह्मण. सगळी मुलं एकाच खोलीत झोपणार, एकाच चुलीवरचं खाणार. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं हे सगळं पाळीपाळीने त्यांनीच करायचं. कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या हातचं चालत नाही, हा प्रश्नच तिथे शिल्लक ठेवला नाही. ज्या मुलाला पाण्याला शिवायची बंदी होती तोच आज हंडा भरून आणणार आणि बाकीचे तेच पाणी पिणार. आंघोळीवरून बोर्डिंगबाहेर पडलेल्या माणसाचं हे उत्तर होतं.

२५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. शाहू महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती. ज्यांच्या संस्थानाच्या कोठडीत मार खाल्ला त्यांचंच नाव भाऊरावांनी आपल्या पहिल्या मोठ्या कामाला दिलं. डांबर प्रकरणाची कडू आठवण एका बाजूला आणि निराधार असताना मिळालेला आसरा दुसऱ्या बाजूला. भाऊरावांनी या दोन्हींत आसरा मोठा मानला.

मंगळसूत्र

आता ज्या किमतीबद्दल सुरुवातीला म्हटलं, तिच्याकडे येऊ.

बोर्डिंग लोकवर्गणीवर चालायचं. भाऊराव गावोगाव फिरून धान्य, पैसा, जुने कपडे, मिळेल ते जमवायचे. ते दौऱ्यावर असले की मागे घर आणि बोर्डिंग, दोन्ही लक्ष्मीबाईंकडे.

लक्ष्मीबाई खात्यापित्या घरातल्या. माहेरचे संस्कार सोवळ्याचे. सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत वाढणं त्यांना पहिल्या दिवसापासून सोपं गेलं असेल असं मानायचं कारण नाही. पण त्या बदलल्या, आणि नुसत्या तयार झाल्या नाहीत तर या मुलांच्या आई झाल्या. मुलं त्यांना वहिनी म्हणायची. कुणाला ताप आला, कुणी घरच्या आठवणीने रडत बसला, तर वहिनी होत्या.

अडचण आली की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना जायचा. असं करत माहेरून आलेलं सोनं संपत गेलं. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगमधलं धान्य संपलं. मुलं उपाशी. दागिने तर उरलेच नव्हते. उरलं होतं ते गळ्यातलं मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी तेच काढून दिलं आणि मुलांच्या जेवणाची सोय झाली.

आज हा प्रसंग भाषणांत दोन ओळींत सांगून पुढे जातात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या गावातल्या बाईच्या जागी जरा उभं राहून बघा. नवरा हयात असताना मोकळ्या गळ्याने चार बायकांत वावरणं म्हणजे काय, हे तिला पुरतं माहीत होतं. भाऊरावांच्या नावापुढे पुढे पदव्या लागल्या, पुतळे उभे राहिले. लक्ष्मीबाई मात्र १९३० मध्येच गेल्या. तोवर संस्थेचं एकही हायस्कूल निघालेलं नव्हतं. ज्याच्यासाठी त्यांनी सगळं दिलं त्याचं मोठं झालेलं रूप त्यांना बघायला मिळालं नाही.

फी नसलेलं हायस्कूल

बोर्डिंगची मुलं शहरातल्या इतर शाळांत शिकत होती. पण त्याने प्रश्न पूर्ण सुटत नव्हता. खेड्यात शाळाच नव्हती, आणि शाळा काढायची तर शिकवायला मास्तर नव्हते.

भाऊरावांनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी मास्तर. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. इथे खेड्यातलीच मुलं शिक्षक म्हणून तयार होऊ लागली. मग ज्या वाड्यावस्त्यांवर सरकारी शाळा पोहोचली नव्हती तिथे व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. गावाने देवळात नाहीतर चावडीत जागा द्यायची आणि संस्थेने मास्तर द्यायचा. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली.

त्यानंतर हायस्कूल. तेव्हा माध्यमिक शाळेला फी असायची आणि शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नसायचा. त्यामुळे प्राथमिक शाळा झाली की बहुतेकांचं शिक्षण तिथेच थांबायचं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही आणि राहायची सोय शाळेतच. मोफत आणि निवासी अशा प्रकारचं हे देशातलं पहिलं हायस्कूल मानलं जातं. नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं, ज्यांनी आपल्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं होतं.

मग खर्च कसा निघायचा? अंगमेहनतीतून. मुलं शाळेच्या वेळाआधी आणि नंतर काम करायची. माळरान खणून शेती करायची, विहीर खोदायची, इमारतीचे दगडही उचलायची. संस्थेच्या अनेक इमारतींत तिथे शिकणाऱ्या मुलांचाच घाम आहे. शेतात राबणं हे शिक्षणाच्या आड येत नाही, त्यातूनच शिक्षण होतं, हे भाऊरावांचं म्हणणं. पुढे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा हीच पद्धत कमवा आणि शिका या नावाने सगळीकडे पोहोचली. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी विद्यापीठांत या नावाची योजना चालते.

या कॉलेजच्या नावावरूनही एक किस्सा आहे. नाव बदललं तर मोठी देणगी देतो, असा प्रस्ताव एकाने ठेवला. त्यावर भाऊरावांनी सांगितलं की एकवेळ मी बापाचं नाव बदलेन, पण शिवाजी महाराजांचं बदलणार नाही. पैशाची चणचण असताना आलेलं हे उत्तर आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे.

सरकारने हात काढून घेतला तेव्हा

गांधीजींची हत्या झाल्यावर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कूल काढायचा निश्चय केला. एरवी कुणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण भाऊरावांबद्दल कुणी हसलं नाही.

अडचण वेगळीच आली. भाऊराव स्पष्ट बोलणारे. स्वातंत्र्य मिळालं म्हणून राज्यकर्त्यांवर टीका करायची नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. जाहीर टीका झाली आणि १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. इंग्रजांच्या काळात तग धरलेली संस्था स्वतंत्र देशात अडचणीत आली.

शिक्षकांचे पगार, मुलांचं जेवण, सगळंच अडलं. तेव्हा पुन्हा तोच जुना मार्ग कामी आला. लोकांनी वर्गणी काढली, गावांनी धान्य दिलं. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि पुढे अनुदान सुरू झालं. १९५४ मध्ये कराडला संस्थेचं कॉलेज निघालं, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव आहे. गाडगे महाराज कधी शाळेत गेले नाहीत, भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. त्या दोघांनी मिळून एक कॉलेज वाचवलं असं म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही.

अण्णांनंतर कोण?

एकाच माणसाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसाबरोबर संपतात, हे आपण नेहमी बघतो. रयत का संपली नाही?

याचं उत्तर त्या पहिल्या बोर्डिंगमध्ये आहे. तिथल्या मुलांना भाऊरावांनी नुसतं शिकवलं नाही, पुढे तीच मुलं संस्थेत परत आली. कमी पगारावर आयुष्यभर संस्थेचं काम करण्याचं वचन देणारे आजीव सेवक तयार झाले. कुणी मुख्याध्यापक झालं, कुणी प्राचार्य, कुणी सचिव. संस्थेच्या शिक्षणातलं सगळ्यात मोठं पद सांभाळणारा माणूस कधीकाळी त्याच बोर्डिंगमध्ये भाकऱ्या थापत होता, असं अनेकदा घडलं. त्यामुळे शाळा कुणासाठी आहे हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

पी. जी. पाटील हे त्यातलं एक नाव. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेला हा मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला आणि वकिली न करता संस्थेत परत आला. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजमध्ये कमवा आणि शिका योजनेचं काम पाहिलेले प्रा. एन. डी. पाटील पुढे अनेक वर्षं संस्थेचे चेअरमन होते. शेवटपर्यंत कोल्हापुरात राहिलेले एन. डी. सर शिक्षणाच्या खासगीकरणाविरोधात रस्त्यावर उतरलेले इथल्या कितीतरी लोकांनी पाहिलेत.

१९५९ च्या जानेवारीत भाऊरावांना पद्मभूषण जाहीर झालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्मानाची डी.लिट. दिली. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. ९ मे १९५९ ला त्यांचं निधन झालं. साताऱ्यातल्या शाहू बोर्डिंगच्या आवारात वडाच्या झाडाखाली त्यांची समाधी आहे. वड हेच संस्थेचं बोधचिन्ह, पारंब्या जमिनीत रुजवत पसरत जाणारं झाड. ते गेले तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुलं होती. आज संस्थेच्या शाखा सातशेच्या वर आहेत.

पाट्या आणि प्रश्न

२०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा पुन्हा जुनाच प्रश्न वर आला. वाडीवरची शाळा बंद झाली तर मुलगी चार किलोमीटर लांबच्या शाळेत जाईल की घरीच बसेल? पट कमी म्हणजे शाळा परवडत नाही, हा हिशेब कागदावर बरोबर असेलही. पण भाऊरावांच्या व्हॉलंटरी शाळा नेमक्या अशाच वाड्यांवर होत्या, जिथे कुठलीच शाळा हिशेबात बसत नव्हती.

आणि दुसरा प्रश्न आपल्यासाठी, शहरातल्यांसाठी. आपली मुलं ज्या शाळेत जातात तिथे त्यांच्या बाकावर कोण बसतं? फीच्या आकड्याने वेगवेगळ्या घरांतली मुलं आधीच वेगवेगळी केलेली असतात. दारात आता आंघोळ कर म्हणून कुणी सांगत नाही, तरी बाहेर राहणारी मुलं बहुतेकदा त्याच घरांतली असतात.

गोष्ट कोल्हापुरात सुरू झाली होती, तर तिथेच संपवू. बोर्डिंगमधून काढलेला आणि राजाराम हायस्कूलच्या बाकावर अडकलेला तो पोरगा शिक्षणासाठी पुन्हा कधी या शहरात आला नाही. पण १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि सत्तरच्या दशकात त्याच्या कुलगुरूपदाच्या खुर्चीवर एक बॅरिस्टर येऊन बसले. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमधले, अण्णांचे विद्यार्थी पी. जी. पाटील.

पुढच्या वेळी दसरा चौकात सिग्नलला थांबलात, तर त्या पाट्या एकदा वाचा.